जोडीनं बसायची पूजा

वास्तुशांतीचा मुहूर्त शालूबाईंनी भटजींना विचारून काढला खरा, पण तो काढताना त्यांच्या डोक्यात वास्तू कमी आणि सून जास्त होती. कोल्हापुरात फुलेवाडीच्या रिंग रोडला त्यांच्या लेकानं, अमरसिंहनं, दुमजली घर बांधलं. गिलावा झाला, रंग झाला, जिन्याला स्टीलचं रेलिंग बसलं. आणि जिनं स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडंच पाहिजे म्हणून गवंड्याशी वाद घातला होता, ती संयोगिता जयसिंगपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. आता याला काय म्हणायचं? शालूबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी उभ्या राहायच्या आणि चहा तिथंच निवून जायचा.

मागल्या दिवाळीच्या तोंडावर कोर्टाचा हुकूम झाला होता. घटस्फोटाचा नव्हे बरं का, विभक्त राहण्याचा. शेजारच्या चमनभाईंची नुजहत वकील झाली म्हणून या घराला तो शब्द तरी कळला, नाहीतर आपल्याकडं माणसांना दोनच गोष्टी ठाऊक, नांदणं नाहीतर काडीमोड. नुजहतनं सगळ्यांना समोर बसवून समजावलं होतं. कायद्यानं दोघं नवरा-बायकोच राहणार, दुसरं लग्न कुणाला करता येणार नाही, पण एका छताखाली नांदायची सक्ती कुणावर नाही. पुढं मनं जुळली तर कोर्टाला सांगून परत एकत्र येता येतं. आणि हुकमानंतर वर्षभर जुळलीच नाहीत, तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. बाकीच्यांनी यातलं काय ऐकलं कोण जाणे. शालूबाईंनी शेवटचं तेवढं ऐकलं, आणि त्या दिवसापासून ते वर्ष त्यांच्या मानगुटीवर बसलं.

कारण संयोगिता त्यांची नुसती सून नव्हती. ती त्यांच्या धाकट्या भावाची, गगनबावड्याच्या गणपतरावांची लेक. भावाची लेक सून करून आणायची आपल्याकडची रीत, आणि शालूबाईंनी ती हौसेनं पाळलेली. 'आत्याच्याच घरात चालल्ये, रडायचं काय त्यात' असं म्हणत संयोगिता लग्नात एकटीच हसत होती, बाकी सगळं गगनबावडं रडत होतं. लग्न झाल्यावर सासूला 'अहो' म्हण म्हणून चारचौघींनी शिकवलं, तरी आत्याला 'तू' म्हणायची तिची सवय काही सुटली नाही. शालूबाईंनाही ती सुटायला नकोच होती.

आणि अमरसिंहबद्दल बोलायचं तर तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. हात उगारणारा नव्हता, दारूला शिवणारा नव्हता. मोटर-पंपाच्या दुकानात हातकणंगल्याचं गिऱ्हाईक आलं तरी त्याच्या घरच्या म्हशीपासून चौकशी करायचा. पण घरात बायकोचं काही मनाविरुद्ध झालं की तोंडाला कुलूप. संयोगिता समोर उभी असायची आणि हा म्हणायचा, आई, तिला सांग माझा डबा भरायला. त्यांची लेक क्रांती लहान होती तेव्हा आईबापांच्या मधे निरोप्या बनून धावायची, आणि तिला तो खेळ वाटायचा. दोन दिवसांचा अबोला आठवड्यावर गेला, आठवड्याचा महिन्यावर. शेवटी संयोगितानं जयसिंगपूरच्या एका शाळेत शिकवायची नोकरी धरली, ती त्याला न विचारता, आणि त्या वेळचा अबोला एका पंचमीला सुरू झाला तो दुसरी पंचमी आली तरी संपेना. तेव्हा ती उठली आणि गेली.

जाताना तिनं भांडण केलं नाही. नुजहतनं तिला दोन्ही वाटा सांगितल्या, घटस्फोटाची आणि ही. गणपतराव तावातावानं एकदम तुकडा पाडायला निघाले होते. तेव्हा संयोगितानं जे सांगितलं ते शालूबाईंना शब्दाशब्दानं पाठ होतं. "मला दुसरा नवरा नको हाय, आप्पा. आणि तुकडा पाडला तर तुम्ही आणि आत्या पुन्हा एकमेकांच्या दारात जाणार न्हाई. मला नुसतं बोलणाऱ्या घरात ऱ्हायचंय. तेवढंच कोर्टाकडनं मिळत असंल, तर तेवढंच घेऊया."

तर आता शालूबाईंचा बेत. वास्तुशांतीला यजमान जोडीनं बसतात. पाटावर नवरा, शेजारी बायको, त्याच्या उपरण्याला तिच्या पदराची गाठ. देवाब्राह्मणासमोर, होमासमोर, आख्ख्या भावकीसमोर एकदा ती गाठ पडली की मग कोर्टाचा हुकूम कसला आणि काय कसला! संसार परत सुरू झाला म्हणायचं. असा कायदा शालूबाईंनी आपल्या आपणच करून टाकला आणि तो नुजहतला दाखवायच्या भानगडीत काही त्या पडल्या नाहीत. थोरली लेक आक्का या बेतात सामील होती. आक्का म्हणजे अमरसिंहची मोठी बहीण, इचलकरंजीला दिलेली, जिला कुठलंही काम सांगा, गरजेपेक्षा दुप्पट करून येणार. संयोगिताला फोन करायचं काम शालूबाईंनी तिच्यावर टाकलं. ती फोनवर काय बोलली ते त्यांनी विचारलं नाही. संयोगिता यायला तयार झाली, पूजेला बसायलाही तयार झाली, हे ऐकल्यावर विचारतंय कोण!

पूजेच्या दिवशी सकाळी दारात मांडव, मांडवात खुर्च्या, मागं आचाऱ्यांच्या चुली. गव्हाच्या खिरीचा वास पार कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेला होता. गणपतराव लेकीला घेऊन आले. संयोगिता हिरवी साडी नेसली होती, हातात चुडा भरलेला, आणि चेहरा असा धुतल्यासारखा शांत की शालूबाईंनी तिची दृष्टच काढली असती. त्यांनी तिला पोटाशी धरलं. पोरगी वाळली होती. पण आली होती. उंबऱ्याच्या आत आली होती, आणि तिच्या हातात कापडी पिशवी होती, चांगली फुगलेली. पिशवीकडं बघून शालूबाईंच्या पायांत दहा वर्षांमागचं बळ आलं. त्या घरभर नुसत्या भिरभिरत होत्या. आलेल्याला गेलेल्याला 'पावणं, बसा की, उन्हातनं आलाय, पाणी घ्या' म्हणून सांगताना त्यांचा आवाज मांडवाबाहेर ऐकू जात होता.

चमनभाई आले. घराचं सगळं लोखंडी काम त्यांचंच, त्यामुळं ते पाहुण्यांना पूजेचं घर कमी आणि रेलिंग जास्त दाखवत होते. नुजहत मागून आली. शालूबाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, आनंदात माणसाला आपली पाठ थोपटून घ्यावीशी वाटते तसं झालं असेल, त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं की आज ही दोघं जोडीनं पूजेला बसली म्हंजे तुझ्या त्या हुकमाची वाट लागली की न्हाई?

नुजहत हसली. मग त्यांचा चेहरा बघून हसायची थांबली. "काकी, पूजेला बसल्यानं काही होत नाही. त्यांनी वर्षभर रोज पूजा घातली तरी हुकूम हुकमाच्या जागी. परत एकत्र राहायचं ते दोघांनी मनानं ठरवावं लागतं. कोर्ट तेवढंच विचारतं."

शालूबाई म्हणाल्या, असू दे, असू दे, मी आपलं सहज इचारलं. पण सहज कसलं? त्यांचा कायदा असा भर मांडवात मोडून पडला होता. त्या हळदीकुंकवाची कोयरी आणायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेल्या. जाता जाता त्यांनी स्वतःची समजूतही घातली. कोर्टाला नसेना का दिसत, लोकांना तर दिसतंय. चार माणसांनी जोडी बघितली की पोरीचा पाय निघणार नाही. झालं, आपलं काम झालं.

संयोगिता खिडकीशी उभी होती. रस्त्याकडंच्या. पिशवी ओट्याखाली ठेवलेली, तोंड उघडं. वरच घरात घालायच्या स्लिपर, चष्म्याची डबी, घड्या घातलेल्या रोजच्या साड्या. एका दिवसाच्या पूजेला कोणी स्लिपर आणत नाही.

"ही पिशवी ऱ्हायला आणल्यागत दिसती," शालूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं आपण हसत विचारू, पण हसायचं राहून गेलं.

"ऱ्हायलाच आल्ये. बाकीचं सामान रविवारी आणूया. शाळेत सांगून ठेवलंय, सुट्टी लागली की सोडणार म्हणून."

आता खरं म्हणजे शालूबाईंनी देवापुढं साखर ठेवायची. याच्यासाठीच तर त्यांनी महिनाभर रात्री जपमाळ ओढली होती. पण संयोगिता हे बोलली तेव्हा तिनं खिडकीवरची नजर काढली नाही, आणि ज्या आवाजात बोलली तो आवाज शालूबाईंच्या ओळखीचा होता. गगनबावड्याला लहानपणी ताप आला की कडू काढा पिताना पोरगी असंच बोलायची. आत्या, घेतला बघ, सगळा घेतला.

"सोडणार? शाळा तर तुला आवडती म्हणालीस."

"आवडती की." मग तिनं सगळंच सांगितलं, रागानं नाही, सरळ. आक्काताईंनी फोनवर सांगितलं होतं की आईचं जेवण तुटलंय, डॉक्टर म्हणाले मनात काहीतरी खातंय, आता किती दिवस काढतील सांगता येत नाही. आणि पूजेला जोडीनं बसायचं म्हटल्यावर, सगळ्या भावकीसमोर बसून संध्याकाळी बस धरून निघून जायचं बरं दिसतं का? आत्याची मान खाली जाईल. "तवा मी ठरवलं, बसायचं तर ऱ्हायचं. तुझ्यासाठी आल्ये मी, आत्या. आता खोटं कशाला बोलू."

"आणि तुझं मन?"

"हुतीया की परत सवय. मागं झालीच हुती."

आक्काच्या थापा तर निघाल्याच, दोन्ही वेळची भाकरी त्या व्यवस्थित खात होत्या. पण आक्काला बोलून काय उपयोग, फोन करायला कुणी लावलं होतं? त्यांनी एक शेवटची आशा म्हणून विचारलं, "आल्यापासनं अमर बोलला का काय तुझ्याशी?"

"बोलले की. क्रांतीला म्हणाले, तुझ्या आईला चहा दे."

ती हसली. हसताना तिनं नळ सोडला आणि धुतलेलाच पेला परत धुवायला घेतला. शालूबाईंना आठवलं, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात ती असंच करायची. अमर तिला ओलांडून बोलला की तिला कुठलं तरी भांडं घासायला लागायचं. त्या घरात भांडी नेहमी लख्ख असायची आणि शालूबाई येणाऱ्या जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायच्या, बघा माझी सून. त्यांना आता त्या कौतुकाची लाज वाटली.

बाहेरून आक्काची हाक आली, मुहूर्त टळतोय म्हणून. संयोगितानं हात पुसले, पदर सावरला आणि एकदा आत्याच्या गालाला हात लावून ती निघून गेली. शालूबाई तिथंच उभ्या राहिल्या. एक शब्द न बोलता नुसत्या उभ्या राहिल्या असत्या तर सगळं त्यांच्या मनासारखं होत होतं. सून घरात, भाऊ खुश, भावकीत मान. पुढच्या दिवाळीची भीती नको, घटस्फोटाचा शब्द नको. आणि संयोगिता तोंडातनं चकार शब्द काढणार नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना ती मिळत होती. आयती मिळत होती.

त्या बाहेर आल्या तेव्हा दोघं पाटावर बसली होती. अमरसिंह सोवळं नेसून ताठ, समोरच्या कलशाकडं बघत. संयोगिता त्याच्या शेजारी, मांडीवर हात, बोटं एकमेकांत अशी घट्ट धरलेली की नखं पांढरी पडली होती. गाठ मारायचा मान बहिणीचा, म्हणून आक्का मागं गुडघ्यावर बसली होती, एका हातात भावाचं उपरणं, एका हातात वहिनीचा पदर. विधवा बाईनं अशा वेळी मागं थांबायचं असतं. शालूबाई इतकी वर्षं मागंच थांबत आल्या होत्या. त्या माणसांतून वाट काढत सरळ पुढं गेल्या आणि त्यांनी आक्काच्या हातावर हात ठेवला.

"गाठ मारू नको, आक्का."

आक्काला आधी कळेचना. मग तिनं डोळे मोठे केले, खुणा केल्या, पदर ओढून बघितला. शालूबाईंनी हात काढला नाही. भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. मागच्या खुर्च्यांवरची माणसं उठून बघायला लागली.

गणपतराव उठून आले. त्यांनी आवाज दाबून सांगितलं, ताई, हे काय चालवलंय, लोकं बसल्यात.

"बसू दे की. जेवून जातील." मग त्या भावाकडं वळल्या. "गणपा, संयू हितं माझ्यासाठी बसलीया. मी मरायला टेकलोय असं सांगून आम्ही तिला आणली. मी काय मरत न्हाय. आणि माझ्यासाठीच बसायचं असंल तर पाटावर मी बसायला पायजे. नांदायचं तर तिला हाय न्हवं?"

"लेक दिलती मी तुझ्या घरात. तू पदरात घेतलीस म्हणून दिलती."

"व्हय, दिलतीस. म्हणूनच सांगतोय."

गणपतरावांचा चेहरा लाल झाला. आक्का रडायला लागली, मी काय माझ्या फायद्यासाठी केलं का, म्हणून. भावकीतल्या कुणीतरी म्हातारीला ऊन लागलं असणार असा निवाडा दिला. क्रांती मात्र खुर्च्या ओलांडत आली आणि आजीच्या पाठीशी येऊन उभी राहिली. परगावी नोकरीला असलेली बावीस वर्षांची पोर, आईबापांच्या भांडणात ती आजवर कधी कुणाच्या बाजूला उभी राहिली नव्हती.

आणि संयोगिता? ती मान वर करून आत्याकडं बघत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण मांडीवरची बोटं सुटली होती. शालूबाईंनी ते बघितलं. पोरीला सुटका झाल्यासारखं वाटत होतं, आणि ती सुटका त्यांच्याच घरातनं होती.

भटजी बिचारे घड्याळ बघत होते. त्यांनी मार्ग सुचवला, पण चाचरत. बायको जवळ नसेल तर यजमान कमरेला सुपारी खोचून बसू शकतो, तसा रिवाज आहे. पण इथं पत्नी हयात, शिवाय हजर, मांडवात बसलेली. तिच्या देखत सुपारी लावायची म्हणजे यजमानांना जरा...

जरा काय ते सगळ्यांना कळलं. बायको समोर बसलेली असताना बायकोच्या जागी सुपारी घेऊन बसायचं, तेही आपण बांधलेल्या घरात, आपल्या गिऱ्हाइकांसमोर, व्याह्यापाहुण्यांसमोर. शालूबाईंना हा विचारच आला नव्हता. त्यांनी लेकाकडं बघितलं. आता हा उठून जाणार, त्यांना वाटलं. उठून जाणार आणि मरेपर्यंत माझ्याशी बोलणार नाही.

अमरसिंह बराच वेळ कलशाकडंच बघत होता. मग त्यानं मान वळवली आणि शेजारी बसलेल्या बायकोकडं पाहिलं. तिनंही पाहिलं. त्यानं आपल्या उपरण्याचं टोक आक्काच्या हातातनं हळूच सोडवून घेतलं आणि हात पुढं केला.

"सुपारी द्या, भटजी."

त्यानं ती सगळ्यांसमोर कमरेला खोचली. संयोगिता उठली, क्रांती आणि नुजहतच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसली. पूजा झाली, होम झाला, वास्तुपुरुष पुरला गेला. अमरसिंह सगळं एकट्यानं करत होता आणि कुठंही चुकत नव्हता. आहुतीच्या धुरानं सगळ्यांचेच डोळे गळत होते, त्यामुळं कोण कशानं रडतंय याची चौकशी कुणी केली नाही.

पंगती बसल्या. शालूबाईंनी आग्रह करकरून खीर वाढली, चमनभाईंना तर तीनदा. मग हात धुवायच्या निमित्तानं त्या स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. जे करायचं ते केलं होतं, त्याचा पस्तावा नव्हता. पण आता ती कशाला येईल? दिवाळी येईल, वर्ष भरेल, दोघांपैकी कुणीतरी कंटाळून कोर्टात जाईल. मग सून म्हणून हाक मारता येणार नाही, आणि भाऊ आजच रागावून बसला होता, त्यामुळं भाची म्हणून भेटायला जायचं तरी कुठल्या तोंडानं? त्यांनी आपल्या हातानं पोरीला बाहेर काढलं होतं. त्यांना वाटलं, आता ह्या नव्या घरात आपण आणि तो न बोलणारा लेक.

दार ढकलून संयोगिता आत आली. तिनं आत्याला रडू दिलं. पाणी दिलं. मग ओट्याखालची पिशवी काढली आणि ती भरायच्या ऐवजी आतल्या साड्या दाबून दाबून जागा करायला लागली.

"तुझी लुगडी कुठं ठेवलीस?"

"का?"

"माझ्याकडं चल की. चार दिवस ऱ्हा, आठ दिवस ऱ्हा. सांजच्याला शाळेतनं आल्यावर मला बोलायला कोण न्हाई तिथं. सगळे म्हणतात संयूला परत आणा, परत आणा. तू यायचं कुणाच्या डोक्यातच येत न्हाई." ती खाली बसली, आत्याच्या पायाशी, आणि तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. "कोर्टानं नवऱ्यापासनं वेगळं ऱ्हायला सांगितलंय. आत्यापासनं न्हाई."

शालूबाई तिच्या केसांवरनं हात फिरवत राहिल्या. एवढं साधं होतं, आणि महिनाभर त्या सुनेला घरात ओढायचे बेत करत बसल्या होत्या.

बातमी फुटल्यावर आक्का परत एकदा पेटली. वास्तुशांतीच्या दिवशी घरातलं माणूस घर सोडून जात नाही, अवलक्षण असतं, तुला एवढंही कळत नाही का, म्हणून तिनं आईला फैलावर घेतलं. शालूबाई लुगड्याच्या घड्या घालत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "घरातलं माणूस तर कवाच भायेर ऱ्हायला गेलंय, आक्का. त्याच्यापशीच चाललोय." आक्कानं नाक पुसून आईच्या हातातनं लुगडं काढून घेतलं, नीट घडी घातली आणि म्हणाली, तुला घड्या पण घालता येत न्हाईत धड. पुढची सगळी पिशवी तिनंच भरली. वरनं खिरीचा डबा घातला. गणपतराव घुश्शातच होते, पण जिन्याखाली बहिणीला गाठून त्यांनी विचारलं, जयसिंगपूरला किती दिवस असणार, कारण येत्या रविवारी गगनबावड्याहून तांदूळ घेऊन ते तिकडं येणारच होते. तांदळाचं त्यांना तेव्हाच सुचलं असणार.

ऊन उतरल्यावर क्रांतीनं गाडी दारात लावली, स्टँडवर सोडायला. शालूबाई मागं बसल्या, पिशवी मांडीवर. संयोगिता दार उघडून बसणार, एवढ्यात अमरसिंह फाटकातून बाहेर आला. सोवळं बदललं होतं, कपाळाचं गंध तसंच होतं. तो गाडीपाशी येऊन थांबला. क्रांतीनं काच खाली केली, नेहमीच्या सवयीनं, आता निरोप सांगतील म्हणून. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"आईची बीपीची गोळी सकाळी असती," तो म्हणाला. संयोगिताला म्हणाला.

संयोगिताचा दारावरचा हात तिथंच थांबला. "ठाऊक हाय मला. मीच देत हुते."

"व्हय." पुढचा शब्द त्याला सापडत नव्हता आणि तो तसाच, सगळ्या मांडवाच्या देखत, शोधत उभा राहिला. "पोचल्यावर फोन करा."

"कुणी करायचा? आत्यानं का मी?"

रस्त्यावरनं उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली. ती पार नाक्यापर्यंत जाईपर्यंत तो गप्पच होता, आणि संयोगिता गाडीत न बसता थांबली होती. शालूबाई खिडकीबाहेर दुसरीकडं बघायला लागल्या, आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत.

"तू कर," अमरसिंह म्हणाला.